बाण आपला, चिन्ह गणिताचे

विद्युत परिपथ शिकायला घेतलेल्या जवळजवळ प्रत्येकाला सुरुवातीलाच एक शंका छळते. करंट प्लसकडून मायनसकडे जातो असे सांगतात, आणि त्याच दमात इलेक्ट्रॉन मायनसकडून प्लसकडे जातात असेही सांगतात. मग खरे काय? 'ती जुनी चूक आहे, तशीच चालत आली,' एवढ्यावर बहुधा विषय मिटवला जातो. विद्यार्थी मान डोलावतो आणि शंका पोटात ठेवून पुढे जातो. मग किरचॉफचे नियम येतात, उत्तर उणे दोन अँपिअर निघते, आणि आपले कुठेतरी चुकले असे समजून तो ते उणे चिन्ह खोडून टाकतो. उत्तरातली अर्धी माहिती त्या चिन्हात होती, तीच जाते.

या एका शंकेत तीन निरनिराळे प्रश्न गुंतलेले आहेत. तारेतून प्रत्यक्षात काय सरकते, हा पदार्थविज्ञानाचा प्रश्न. त्या सरकण्याची दिशा कोणती म्हणायची, हा संकेताचा प्रश्न. आणि परिपथ सोडवताना कागदावर बाण कुठे काढायचा, प्लस-मायनस कुठे लिहायचे, हा हिशेबाचा प्रश्न. माझे स्पष्ट मत असे की परिपथ सोडवणाऱ्याला तिसरा प्रश्न सर्वांत जास्त उपयोगी पडतो आणि वर्गात त्यालाच सर्वांत कमी वेळ मिळतो.

दोष नेहमी संकेतावर टाकला जातो, म्हणून आधी त्याच्याकडे पाहू. १७४७ मध्ये फिलाडेल्फियाहून बेंजामिन फ्रँकलिनने लंडनच्या पीटर कॉलिन्सनला लिहिलेल्या पत्रात एक प्रयोग आहे. दोन माणसे मेणावर उभी आहेत, म्हणजे जमिनीपासून विद्युतदृष्ट्या तुटलेली. पहिला काचेची नळी घासतो, दुसरा नळीजवळ बोट नेऊन तिच्यातली वीज आपल्या अंगावर घेतो. जमिनीवर उभ्या असलेल्या तिसऱ्याला हे दोघेही भारित वाटतात. कुणाकडेही बोट नेले की ठिणगी पडते. पण पहिल्या दोघांनीच एकमेकांना स्पर्श केला तर ठिणगी आणखी जोरदार पडते, आणि नंतर दोघांच्याही अंगात काही उरत नाही. फ्रँकलिनने यातून अर्थ काढला की विजेचा द्राव एकच; पहिल्याच्या अंगातला कमी झाला, दुसऱ्याच्या अंगात तेवढाच वाढला. एक मायनस, दुसरा प्लस. त्याआधी फ्रान्समध्ये द्यु फे यांनी काचेची वीज आणि राळेची वीज असे दोन प्रकार मानले होते. फ्रँकलिनने प्रकारांच्या जागी आधिक्य आणि उणीव आणली, आणि विजेला बेरीज-वजाबाकी लागू झाली. भार नाहीसा होत नाही, इकडचा तिकडे जातो. जोडावर जेवढे येते तेवढेच जाते, या किरचॉफच्या पहिल्या नियमाचा पाया हाच आहे.

घासलेल्या काचेवर द्राव जमा होतो, तिच्यावरून निघून जात नाही, हे मात्र त्याने धरून चालले. ते पडताळण्याचे कोणतेही साधन त्या काळी नव्हते. १८०० मध्ये व्होल्टाची बॅटरी आली आणि सलग वाहणारा प्रवाह हाताशी आला. १८२० मध्ये ऑर्स्टेडला तारेजवळची होकायंत्राची सुई वळताना दिसली, तेव्हा ती कोणत्या बाजूला वळते हे सांगण्यासाठी प्रवाहाला दिशा देणे भागच पडले. त्याच वर्षी आंपेअरने ते काम केले. तारेत धन आणि ऋण वीज परस्परविरुद्ध दिशांना जाते असे त्याचे मत होते. तरी बोलताना घोळ नको म्हणून धन वीज जिकडे जाते तीच प्रवाहाची दिशा म्हणायची, असे त्याने ठरवले. आपला प्रचलित बाण तेव्हापासूनचा. ओहमचा नियम १८२७ चा, किरचॉफचे नियम १८४५ चे. किरचॉफ तेव्हा क्योनिग्सबर्गला शिकणारा एकवीस वर्षांचा विद्यार्थी होता. जे. जे. थॉमसनने कॅथोड किरणांतले कण ऋणभारित आणि अणूहूनही हलके असल्याचे दाखवले ते १८९७ मध्ये. परिपथ सोडवण्याचे सगळे मूलभूत गणित इलेक्ट्रॉनची ओळख होण्यापूर्वी पूर्ण झाले होते आणि त्यानंतर त्यातले एक अक्षरही बदलावे लागले नाही.

म्हणूनच 'फ्रँकलिन चुकला' हे वाक्य मला पटत नाही. जिथे चूक-बरोबर ठरवणारी कसोटीच नाही तिथे चूक कसली? तांब्याच्या तारेत इलेक्ट्रॉन सरकतात हे खरे, पण प्रवाह फक्त तारेतच असतो असे नाही. मिठाच्या पाण्यातून प्रवाह जातो तेव्हा सोडियमचे धन आयन एका बाजूला आणि क्लोराइडचे ऋण आयन दुसऱ्या बाजूला सरकतात, आणि एकूण प्रवाह म्हणजे दोघांच्या वाट्याची बेरीज. मोटारीच्या बॅटरीतल्या आम्लात तेच चालू असते. आपल्या मज्जातंतूंत सोडियम आणि पोटॅशियमचे धन आयन पेशीच्या आत-बाहेर जातात. फ्रँकलिनने चिन्हे उलटी ठेवली असती तर तारेतले इलेक्ट्रॉन बाणाच्या दिशेने गेले असते खरे, पण मग हे सगळे धन आयन बाणाविरुद्ध गेले असते. तक्रार तशीच राहिली असती, फक्त तक्रार करणारे बदलले असते.

तारेत नेमके काय चालते याचाही अंदाज असावा. एक अँपिअर म्हणजे तारेच्या छेदातून दर सेकंदाला सुमारे ६.२४ × १०^१८ इलेक्ट्रॉन जाणे. आकडा प्रचंड वाटतो, पण तांब्यात मुक्त इलेक्ट्रॉनांची दाटी त्याहून प्रचंड आहे: एका घनमीटरमध्ये सुमारे ८.५ × १०^२८. त्यामुळे एक चौरस मिलिमीटर छेदाच्या तारेतून एक अँपिअर जात असताना इलेक्ट्रॉनांचा सरासरी सरकण्याचा वेग सेकंदाला ०.०७ मिलिमीटरच्या आसपास भरतो. एक मीटर अंतर काटायला जवळजवळ पावणेचार तास. बटण दाबताच दिवा लागतो तो इलेक्ट्रॉन धावत पोहोचल्यामुळे नाही; तारेच्या पृष्ठभागावरचे भार क्षणात नव्याने मांडले जातात आणि विद्युतक्षेत्र जवळपास प्रकाशाच्या वेगाने सगळीकडे पोहोचते, म्हणून. इलेक्ट्रॉन कुठे चालला आहे हे पाहून ऊर्जा कुठे चालली आहे हे कळत नाही, ही गोष्ट पुढे पुन्हा लागेल.

सरकणारा भार धन की ऋण, हे साध्या परिपथात ओळखताच येत नाही. उजवीकडे जाणारा धनभार आणि डावीकडे जाणारा ऋणभार दोघेही होकायंत्राची सुई त्याच बाजूला वळवतात, रेझिस्टर सारखाच तापवतात. फरक पकडायला वेगळी युक्ती लागते. १८७९ मध्ये अमेरिकेतल्या एडविन हॉलने सोन्याच्या पातळ पत्र्यातून प्रवाह सोडला आणि पत्र्याच्या पृष्ठाला लंब असे चुंबकीय क्षेत्र लावले. सरकणारे भार धन असोत की ऋण, क्षेत्रामुळे ते पत्र्याच्या एकाच कडेकडे ढकलले जातात; त्यामुळे ती कड प्लस झाली की मायनस, यावरून भाराचे चिन्ह उघड होते. बहुतेक धातूंत ते ऋण निघते. पण जस्तासारख्या काही धातूंत चिन्ह धन येते, आणि त्याचे स्पष्टीकरण मिळायला पुंजयामिकी यावी लागली; पी-प्रकारच्या अर्धवाहकात ज्याला 'होल' म्हणतात ती कल्पना तिथलीच. १९१६ मध्ये टोलमन आणि स्टुअर्ट यांनी गरगर फिरणारे तारेचे वेटोळे एकदम थांबवून, जडत्वाने पुढे जाणाऱ्या भारांचा क्षणिक प्रवाह मोजला आणि धातूंत ऋणभारच सरकतात हे आणखी एका मार्गाने दाखवले. इतके कष्ट घेतल्याशिवाय जे कळत नाही, ते परिपथाच्या गणितात शिरत नाही यात नवल नाही.

आता व्होल्टेज. शालेय पुस्तकात त्याला विभवांतर म्हणतात, आणि त्यातले 'अंतर' हेच मर्म. प्रवाह एखाद्या तारेतून जातो. व्होल्टेज दोन बिंदूंमध्ये असते. 'या बिंदूला किती व्होल्टेज आहे' हा प्रश्न अर्धाच आहे. कशाच्या मानाने, हे सांगितल्याशिवाय त्याला उत्तर नाही. मल्टिमीटर हे अगदी प्रामाणिकपणे सांगतो. त्याला दोन वायरी असतात आणि तो नेहमी लाल टोकाच्या विभवातून काळ्या टोकाचा विभव वजा करून दाखवतो. नऊ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीला लाल टोक प्लसवर लावले की ९, उलटे लावले की उणे ९. बॅटरीत काहीही बदललेले नाही. आपण विचारलेला प्रश्न बदलला.

अशा दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडा. मधला जोड एका बॅटरीचा प्लस आहे आणि दुसरीचा मायनस. तो बिंदू स्वतः कोण? दोन्हीही नाही. त्यालाच शून्य मानले तर एक टोक अधिक ९ आणि दुसरे उणे ९ होते; ऑडिओ अँप्लिफायरला असाच दुहेरी पुरवठा लागतो. खालचे टोक शून्य मानले तर तोच मधला बिंदू ९ आणि वरचा १८. ग्राउंड म्हणजे आपण शून्य ठरवलेला बिंदू. तो बॅटरीच्या मायनसलाच असला पाहिजे असा कुठलाही नियम नाही. टेलिफोन एक्स्चेंजचा पुरवठा उणे ४८ व्होल्ट असतो तो असाच. तिथे बॅटरीचा प्लस जमिनीला जोडतात, कारण ओल्या जमिनीतली तांब्याची केबल जमिनीच्या मानाने ऋण राहिली तर तिचे विद्युतरासायनिक झिजणे कमी होते. १९६० च्या दशकापर्यंत कित्येक ब्रिटिश मोटारींतही बॅटरीचा प्लस सांगाड्याला जोडलेला असे. अशा गाडीत मायनस सांगाड्याला असेल असे धरून रेडिओ बसवला की तो जळालाच.

इथे दोन प्रकारच्या प्लस-मायनसांत फरक करायला हवा, आणि हा फरक फार कमी ठिकाणी स्वच्छ सांगितलेला आढळतो. बॅटरीवर छापलेला प्लस, इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरच्या अंगावरचा मायनसचा पट्टा, एलईडीचा लांब पाय, डायोडवरची रेघ: ही चिन्हे वस्तूची आहेत. ती चुकवली तर एलईडी लागत नाही, कपॅसिटर फुगतो किंवा फुटतो. रेझिस्टरच्या दोन टोकांना आकृतीत लिहिलेले प्लस-मायनस मात्र आपले आहे. रेझिस्टरला स्वतःची पोलॅरिटी नसते. उलटा लावा, सुलटा लावा, त्याला फरक पडत नाही. आकृतीतला प्लस म्हणतो, 'या टोकाचा विभव त्या टोकाच्या मानाने किती, हे मी विचारतो आहे.' उत्तर उणे आले तर दुसरे टोक वरचे, एवढाच अर्थ. आकृतीतला बाणही तसाच: 'या दिशेने किती जातो, हे मी मोजणार आहे.' बाण काढताना खरी दिशा माहीत असण्याची गरजच नाही. ती माहीत असती तर गणित कशाला केले असते?

एक परिपथ जवळून पाहू. डावीकडे १२ व्होल्टची बॅटरी, तिच्याबरोबर १ ओहमचा रेझिस्टर. उजवीकडे ६ व्होल्टची बॅटरी, तिच्याबरोबरही १ ओहम. दोन्ही बॅटऱ्यांचे प्लस आपापल्या रेझिस्टरमधून वरच्या एका जोडावर येतात, दोन्हींचे मायनस खालच्या एका तारेवर. त्या जोडापासून खालच्या तारेपर्यंत ४ ओहमचा तिसरा रेझिस्टर. दोन्ही बॅटऱ्या करंट देत असणार असे वाटते, म्हणून दोन्हींच्या प्लसमधून जोडाकडे जाणारे बाण काढू आणि तिसऱ्या रेझिस्टरमधून खाली जाणारा. खालची तार शून्य, वरच्या जोडाचा विभव अज्ञात. जोडावर येणारी बेरीज म्हणजे जाणारी बेरीज: १२ मधून तो विभव वजा करून १ ने भागा, ६ मधून वजा करून १ ने भागा, दोन्हींची बेरीज म्हणजे तोच विभव भागिले ४. विभव ८ व्होल्ट निघतो.

मग पहिल्या बॅटरीतून ४ अँपिअर, तिसऱ्या रेझिस्टरमधून २ अँपिअर, आणि दुसऱ्या बॅटरीतून ६ उणे ८, म्हणजे उणे २ अँपिअर. हेच ते चिन्ह जे विद्यार्थी खोडतो. ते सांगते की दुसऱ्या बॅटरीबाबत आपला अंदाज उलटा होता: करंट तिच्या प्लसमधून बाहेर येत नाही, आत जातो. ती चार्ज होत आहे. या टप्प्यावर आकृतीतला बाण फिरवण्याचा मोह अनेकांना होतो. तो टाळावा. बाण तसाच ठेवून उणे दोन लिहिणे आणि बाण फिरवून अधिक दोन लिहिणे, दोन्ही एकच विधान आहे. पण गणिताच्या मध्येच बाण फिरवला की आधीची समीकरणे एका बाणाची आणि नंतरची दुसऱ्या बाणाची होतात, आणि खऱ्या चुका तिथे घडतात.

आता या बाणाची आणि प्लस-मायनसची जोडी कशी जमवायची? एकट्या बाणाला किंवा एकट्या प्लसला काही भौतिक अर्थ नाही, पण दोघांच्या जोडीला आहे, आणि या विषयातली खरी मेख हीच. रूढ पद्धत अशी: बाण घटकात प्लस लिहिलेल्या टोकाने शिरेल असा काढायचा. अशा जोडीत व्होल्टेज आणि करंट यांचा गुणाकार अधिक आला तर घटक ऊर्जा घेतो, उणे आला तर देतो. रेझिस्टरला ओहमचा नियम उणे चिन्हाशिवाय लागू होतो तो याच जोडीत. बाण मायनसच्या टोकाने शिरवला तर नियमात उणे चिन्ह घालावे लागते. हिशेबाच्या वहीत हे सहज पटते: बँकेत ठेवलेले पैसे आपल्या वहीत येणे असतात आणि बँकेच्या वहीत देणे; रक्कम एकच, वही कोणाची ते आधी सांगितलेले असले की पुरे.

वरच्या परिपथात हे तपासता येते. पहिली बॅटरी १२ गुणिले ४, म्हणजे ४८ वॅट देते. दुसरी ६ गुणिले २, म्हणजे १२ वॅट घेते. तीन रेझिस्टर अनुक्रमे १६, ४ आणि १६ वॅट उष्णतेत घालवतात. बारा आणि छत्तीस, अठ्ठेचाळीस. सगळीकडे एकच जोडी पाळली तर घेण्या-देण्याची एकूण बेरीज शून्य येते. फिलिप्स कंपनीत काम करणाऱ्या बर्नार्ड टेलेगेनने १९५२ मध्ये याहून व्यापक प्रमेय मांडले: परिपथातले घटक कोणतेही असोत, किरचॉफचे दोन नियम पाळले गेले असतील तर ही बेरीज शून्यच. म्हणून उत्तर काढून झाल्यावर दोन मिनिटे वॅटचा मेळ घालून पाहणे ही चिन्हांची सर्वांत भरवशाची तपासणी आहे. परीक्षेच्या धाकात ती कोणी करत नाही, आणि गुण तिथेच जातात.

दुसरी बॅटरी चार्ज होते आहे याचा अर्थ तिची पोलॅरिटी फिरली असा नाही, हेही ठसवायला हवे. मोबाइल चार्जिंगला लावला की त्याच्या बॅटरीचा प्लस प्लसच राहतो. फिरते ती फक्त प्रवाहाची दिशा, आणि तिच्याबरोबर ऊर्जेची. ॲनोड आणि कॅथोड या नावांचा घोळही इथलाच. 'ॲनोड म्हणजे प्लस' असे पाठ केलेले असते. प्रत्यक्षात प्रचलित प्रवाह बाहेरून घटकात ज्या टोकाने शिरतो ते टोक ॲनोड. एलईडीत ते प्लसच्या बाजूचे असते. वापरात असलेल्या बॅटरीत प्रवाह मायनस टोकाने आत शिरतो, म्हणून तिथे मायनस हाच ॲनोड. चार्जिंगला लावली की नावे अदलाबदल होतात, प्लस-मायनस होत नाहीत.

कॉइल आणि कपॅसिटर आले की करंटची दिशा आणि व्होल्टेजची पोलॅरिटी या स्वतंत्र गोष्टी आहेत हे डोळ्यांना दिसते. १२ व्होल्टचा साधा रिले घ्या. कॉइलचे वरचे टोक बॅटरीच्या प्लसला, खालचे ट्रान्झिस्टरमधून मायनसला. ट्रान्झिस्टर चालू असताना करंट वरून खाली, वरचे टोक प्लस. ट्रान्झिस्टर बंद झाला की कॉइल करंट एकदम थांबू देत नाही. तो वरून खालीच जात राहू पाहतो. त्याची दिशा तीच राहते आणि पोलॅरिटी उलटते: खालचे टोक वरच्यापेक्षा शेकडो व्होल्टनी वर उसळू शकते आणि ट्रान्झिस्टर फुटतो. म्हणून कॉइलला समांतर एक डायोड टाकतात, रेघेची बाजू प्लसकडे. एरवी तो अडवून उभा असतो. पोलॅरिटी उलटताच वाहू लागतो आणि करंट कॉइल व डायोडमध्येच फिरून विरतो. कपॅसिटरचे वागणे बरोबर याच्या उलट. भरलेला कपॅसिटर रिकामा होताना त्याची पोलॅरिटी तीच राहते, करंट मात्र उलट दिशेने निघतो.

याच कॉइलवरून पुस्तकांमध्ये एक जुना गोंधळ आहे. भौतिकशास्त्राचे पुस्तक लेन्झच्या नियमाचे उणे चिन्ह घालून सूत्र देते, परिपथाचे पुस्तक तेच सूत्र उणे चिन्हाशिवाय देते. बारावीहून अभियांत्रिकीला गेलेल्या मुलाला वाटते, दोघांपैकी एक चूक आहे. दोन्ही बरोबर आहेत. पहिले पुस्तक कॉइलमध्ये निर्माण होणारी ढकल बाणाच्या दिशेने मोजते, दुसरे त्याच बाणाने जाताना विभव किती उतरतो ते मोजते. मोजण्याची दिशा उलटी म्हणून चिन्ह उलटे. एका ओळीचा हा खुलासा दोन्ही पुस्तकांत असता तर किती विद्यार्थ्यांचे किती तास वाचले असते!

संकेत देशोदेशी आणि शाखोशाखी बदलतात. आपल्याकडे अमेरिकी वळणाने प्लस-मायनस लिहितात. जर्मन पुस्तकांत व्होल्टेजलाही बाण असतो आणि तो वरच्या विभवाकडून खालच्याकडे जातो. ब्रिटिश पुस्तकांत बाणाचे टोक वरच्या विभवाकडे. इथून जर्मनीला शिकायला गेलेल्याने हे पहिल्याच दिवशी पाहून घ्यावे. १९७० च्या दशकात बर्कली विद्यापीठात तयार झालेला स्पाइस हा संगणक-कार्यक्रम व्होल्टेज स्रोतालाही वरचीच, बाण प्लसने शिरणारी जोडी लावतो, त्यामुळे १२ व्होल्टच्या स्रोताला ४ ओहम लावले की स्रोतातला करंट उणे ३ अँपिअर दाखवला जातो. नवखा माणूस घाबरतो; कार्यक्रम आपला नियम पाळत असतो. हॉजकिन आणि हक्सली यांच्या १९५२ च्या प्रसिद्ध मज्जातंतू-शोधनिबंधांत पेशीच्या आत जाणारा प्रवाह धन आणि पेशी उत्तेजित होताना बदलणारा विभव ऋण मानला आहे; आजची मज्जाशास्त्राची पुस्तके दोन्ही चिन्हे उलटी घेतात. मूळ समीकरणे उचलून आजच्या आलेखावर बसवणाऱ्याला आधी हे भाषांतर करावे लागते.

शिकवताना इलेक्ट्रॉनची दिशा घ्यावी की प्रचलित दिशा, हा वाद व्हॅक्यूम ट्यूबच्या काळात जोरात होता. तापलेल्या कॅथोडमधून इलेक्ट्रॉन निघून प्लेटकडे जातात, ते चित्र डोळ्यांसमोर असताना उलटा बाण खटकणारच. अमेरिकी नौदलाचे प्रशिक्षण-साहित्य इलेक्ट्रॉनचीच दिशा घेते. माझा कौल प्रचलित दिशेला आहे, कारण डायोड आणि ट्रान्झिस्टरच्या चिन्हांतले बाण त्याच दिशेचे आहेत आणि गणितात इलेक्ट्रॉन कुठेच येत नाही. पण या वादात जितकी शक्ती खर्च झाली तितक्या मोलाचा तो नाही. मुलांच्या मनातली खरी अडचण वेगळीच आहे. १९८० च्या दशकात न्यूझीलंडमध्ये रॉजर ऑस्बॉर्न यांनी मुलांच्या कल्पना तपासल्या, तेव्हा काहींच्या मते दोन्ही टोकांकडून करंट येऊन दिव्यात धडकत होते, तर काहींच्या मते दिव्यात करंटचा काही भाग संपत होता. १९९२ मध्ये अमेरिकेत मॅकडर्मॉट आणि शेफर यांना महाविद्यालयीन विद्यार्थ्यांतही करंट संपण्याची कल्पना सापडली. एकसर जोडलेल्या दोन सारख्या दिव्यांत प्लसजवळचा जास्त उजळेल, असे वाटते ते यामुळेच. यावर इलेक्ट्रॉनची दिशा सांगून उपाय होत नाही. बॅटरी उलटी करून दाखवावी: दोन्ही दिवे आधी सारखेच उजळ होते, आताही तसेच आहेत. मग सांगावे की करंट संपत नाही, विभव उतरतो.

घरच्या एसी पुरवठ्यात तर 'खरी दिशा' हा शब्दच निरर्थक होतो. ५० हर्ट्झला प्रवाह सेकंदातून शंभर वेळा दिशा बदलतो. फेजमधून येतो आणि न्यूट्रलमधून परत जातो असे वायरमन म्हणतो, त्यात धोका कुठे आहे एवढे सांगितलेले असते. बाण तरीही काढावाच लागतो, आणि बाण व प्लसची जोडी तीच. एका आवर्तनभरचा गुणाकार सरासरीने अधिक आला तर ऊर्जा आत, उणे आला तर बाहेर.

मोठ्या जोडणीच्या मीटरमध्ये याचे थेट पैसे होतात. तिथे करंट मीटरमधून जात नाही. प्रत्येक फेजवर एक करंट ट्रान्सफॉर्मर, म्हणजे सीटी, बसवतात. त्याच्या एका बाजूला पी१, दुसऱ्या बाजूला पी२ आणि दुय्यम टोकांना एस१, एस२ लिहिलेले असते. पी१ पुरवठ्याकडे हवा. तिन्ही फेजवर दहा-दहा किलोवॅटचा भार असून एक सीटी उलटा बसला, तर चिन्हासह बेरीज करणारा मीटर दहा अधिक दहा उणे दहा, म्हणजे तीसऐवजी दहाच दाखवतो. पूर्वी एखाद्या फेजवर उणे वॅट दिसले की सीटी उलटा, हे सरळ समजत असे. छतावर सौर पॅनल आल्यापासून तसे म्हणता येत नाही, कारण दुपारी उणे आकडा म्हणजे वीज खरोखरच ग्रिडकडे जात असू शकते, आणि नेट मीटर तिचा निर्यातीचा वेगळा आकडा ठेवतो. म्हणून ही तपासणी सूर्य मावळल्यावर, सौर इन्व्हर्टर बंद असताना करावी. तिन्ही फेजवर ठरावीक भार लावावा आणि मीटरच्या पडद्यावर प्रत्येक फेजचे वॅट स्वतंत्र पाहावेत. बॅटरी किंवा जनरेटर जोडलेला नसेल तर तेव्हा घरातून बाहेर जाण्यासारखी वीजच नसते. तरीही एखादी फेज उणे दिसली, तर त्या फेजचा सीटी उलटा आहे किंवा त्याची वायर दुसऱ्याच फेजच्या व्होल्टेजबरोबर जोडली गेली आहे.